पिवळी टोपी

रात्री दहाला पट्टा सुरू होतो.
भाताच्या चौकोनात, बरोबर मधोमध,
मी एक उमेबोशी ठेवते,
मिठात मुरलेलं, सुरकुतलेलं, लालभडक फळ.
दीड सेकंदाला एक.
पहाटेपर्यंत किती होतात ते मोजणं मी सोडून दिलंय.
मोजायला यंत्र आहे. त्याला पगार नाही,
पण त्याचा करारही संपत नाही.

कंपनीच्या माणसांच्या टोप्या निळ्या.
आम्ही एजन्सीकडून आलेले, आमच्या पिवळ्या.
दुरून ओळखू यावं म्हणून,
पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सुरक्षेसाठी.
कॅन्टीनमध्ये निळ्या टोपीला थाळी तीनशे ऐंशी येनला,
पिवळीला पाचशे वीस.
मी घरून भाताचे गोळे आणते.
रात्रभर भाताकडे बघायचं, आणि मधल्या सुट्टीत
पुन्हा भातच.

माझ्या डाव्या हाताला इचिनोसे-सान, वय एकसष्ट.
ते सोया सॉसची बाटली ठेवतात,
करंगळीएवढी, प्लॅस्टिकची, माशाच्या आकाराची.
पूर्वी म्हणे बँकेत होते. विचारलं नाही कधी.
दोन वर्षांत एकदाच आपणहून बोलले:
"माशाचं तोंड डावीकडे हवं.
घरी पानात वाढतात तसं."
असा काही नियम नव्हता. खाच कशीही चालते.
तरी प्रत्येक मासा ते डावीकडे वळवायचे,
त्या दीड सेकंदात.

माझे वडील बेअरिंगच्या कारखान्यात
एकेचाळीस वर्षं. एकच फाटक, एकच कपाट,
लग्नात कंपनीचा आहेर, मयताला कंपनीची फुलं.
शेवटपर्यंत म्हणत राहिले,
"तू अजून थोडा नेट लावायला हवा होतास."
मी चौऱ्याण्णव अर्ज लिहिले होते, बाबा,
हातानं, खाडाखोड न करता,
एक अक्षर चुकलं की नवा कागद.
ज्या वर्षी मी पदवी घेतली त्या वर्षी दारं बंद होती.
पुढे उघडली,
तेव्हा त्यांना त्या वर्षीची पोरं हवी होती.

तीन महिन्यांचा कागद. त्यावर शिक्का.
पुन्हा तीन महिने, पुन्हा शिक्का.
कायदा म्हणतो, एका जागी तीन वर्षांवर ठेवू नका,
ठेवायचंच असेल तर आपलं म्हणून ठेवा.
आमच्या भल्यासाठीच केलाय, वाचला मी.
माझे अकरा शिक्के झाले होते.
ऑफिसात बोलावलं तेव्हा टेबलावर
महिन्याच्या खर्चाचा तक्ता उघडा पडला होता.
पगाराच्या रकान्यात आम्ही नव्हतो.
खाली होतो. साहित्य.
रबरी हातमोज्यांनंतर, जंतुनाशकाच्या आधी.
तो मुलगा ओशाळला, तक्ता उलटा केला,
"हिरुमा-सान, आजवर खूप कष्ट घेतलेत," म्हणाला
आणि कमरेतून वाकला.
चांगला वाकला. त्याचीही टोपी
पिवळीच होती.

साठीच्या पुढच्यांना तो कायदा लागू नाही.
इचिनोसे-सान राहिले.

आता मी गोदामात आहे. खोकी.
इथे टोपी नाही, जाकिटाच्या पाठीवर नंबर आहे.
हातावर पोट असलं की हात दुखून चालत नाही,
एवढं एक दोन्हीकडे सारखं.
रात्री नऊनंतर कोपऱ्यावरच्या दुकानात
शिळ्या होऊ घातलेल्या डब्यांवर
निम्म्या किमतीची पट्टी चिकटवतात.
मी थांबते, मासिकं चाळल्यासारखं करत.
आमच्याच कारखान्याचा डबा असतो.
उमेबोशी जरा कडेला सरकलेलं,
नवी आहे कुणीतरी, शिकेल.
आणि मासा डावीकडे.
वर्षभर, जेव्हा जेव्हा घेतला, डावीकडे.
कुणाचं पत्र यावं तसं मी झाकण काढत असे.

काल मासा उजवीकडे होता.

एखादा चुकूनही असेल, म्हणून
नको असताना दुसरा डबा घेतला.
त्यात तो पोट वर करून पडला होता.

दुकानाबाहेर सायकलींजवळ उभी राहून
मी दोन्ही मासे बोटानं वळवले.
मग जेवले.
एक डबा सकाळसाठी ठेवला.